पेटीचा मानापमान

पाश्चात्त्य देशांत पियानो वाजविणाऱ्या कलावंताला जो मान आहे, त्याची कल्पना आपल्याकडील माणसाला सहजासहजी येत नाही. लोक तिकिटे काढून सभागृह भरतात, आणि व्यासपीठावर एकच माणूस एकाच वाद्यापुढे येऊन बसतो. त्याच्या पुढे गवई नसतो की पाठीमागे ताफा नसतो. दीड-दोन तास त्याची दहा बोटे हाच सर्व कार्यक्रम. हा प्रघात पुरातन आहे असेही नाही. फ्रान्झ लिस्ट या हंगेरियन वादकाने १८४० साली लंडनमध्ये केवळ पियानोच्या अशा बैठकी जाहीर केल्या, तेव्हा हा प्रकार लोकांना नवलाचा वाटला. त्यापूर्वी वादकाने गायकांच्या आणि वाद्यवृंदाच्या मध्ये कोठेतरी आपला वाटा उचलायचा, अशी रीत होती. लिस्टने तो वाटा मोडून सबंध ताट आपल्यापुढे ओढले.

योगायोग असा, की त्याच सुमारास पॅरिस शहरात अलेक्झांद्र दबँ नावाच्या कारागिराने एका वाद्याचे पेटंट घेतले. पितळेच्या बारीक जिभांवर भात्याने वारा सोडायचा, वरून पियानोसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दाबायच्या, की सूर निघावा. ज्या लहान चर्चला मोठा ऑर्गन परवडत नाही आणि ज्या गृहस्थाच्या घरात पियानोला जागा नाही, त्यांच्यासाठी हे वाद्य होते. त्याचे नाव हार्मोनियम. आपण तिला पेटी म्हणतो.

मी कामगार चळवळीतला माणूस. संगीतशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही, आणि तसा आव मी आणीत नाही. परंतु एखाद्या धंद्यात कसब कोणाचे, घाम कोणाचा आणि नाव कोणाचे, हा हिशेब मांडण्याची सवय मला या चळवळीने लावली आहे. त्या सवयीने पेटीच्या इतिहासाकडे पाहू लागलो, तेव्हा मला त्यात एका संबंध कारागीर-वर्गाची कथा दिसली. ती आपल्यापुढे ठेवावी एवढाच हेतू.

पियानो आपल्याकडे आलाच नाही असे नव्हे. मुंबईत, गोव्यात, संस्थानिकांच्या वाड्यांत तो आला. पण तो तेथेच राहिला. पोलादी तारांचा ताण पेलण्यासाठी त्याच्या पोटात लोखंडी चौकट असते. तो हलवायचा तर चार-सहा माणसे लागतात, आणि कोकणासारख्या दमट हवेत त्याचे लाकूड फुगते व सूर उतरतात. शिवाय त्याचा सूर आघात झाला की विरू लागतो, आणि आपल्या गायनाला हवा असतो टिकणारा सूर. पेटीचे सर्वच उलट. वारा आहे तोवर सूर आहे. कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायाच्या भात्याऐवजी हाताने चालणारा भाता पाठीमागे बसवून ती मांडी घालून वाजविण्याजोगी केली, तेव्हा तर एका माणसाने डोक्यावर घेऊन जावे एवढीच ती झाली. आगबोटीत चढली, बैलगाडीत बसली, साकवावरून पलीकडे गेली. आपल्या या मिरजोळ्याच्या आसपास पियानो पाहिलेले लोक बोटांवर मोजण्याइतके निघतील. पेटी न पाहिलेला मनुष्य मात्र शोधून सापडायचा नाही.

आणि ती नुसती घरात आली नाही, भाषेतही आली. गवयाला आपण सहज विचारतो, 'पट्टी कुठली?' तो उत्तर देतो, 'काळी एक' किंवा 'पांढरी चार'. ज्याने आयुष्यात पेटीला हात लावला नाही तोही आपल्या गळ्याची उंची पेटीच्या पट्टीनेच सांगतो. ज्या परकीय वाद्याने आपल्याला मापच पुरविले, त्याला परके तरी किती दिवस म्हणायचे?

असे असूनही बैठकीत तिची जागा ठरलेली होती. मध्यभागी गवई, मागे तंबोरे, एका बाजूस तबला आणि दुसऱ्या बाजूस पेटी. गवयाने एक जागा घ्यावी, तिचा धागा पेटीने त्याच क्षणी उचलावा. गवई श्वास घेण्यासाठी थांबला तर ती पोकळी भरून काढावी, आणि तो पुन्हा सुरू झाला की आपण मागे सरावे. पुढे काय येणार हे कोणी सांगत नाही, कागदावर काही लिहिलेले नसते. हे काम किती अवघड आहे हे जाणणारे थोडे. बिदागी मात्र गवयाच्या नावाने निघे आणि साथीदाराला त्यातून जे मिळेल ते मिळे. येथे आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पेटीच्या आधी ही जागा सारंगीची होती. पेटी आली, शिकण्यास सोपी आणि पुन:पुन्हा जुळवावी न लागणारी, आणि पिढ्यान्‌पिढ्या सारंगी वाजविणाऱ्या कित्येक घराण्यांची रोजी गेली. नवे यंत्र गिरणीत येते तेव्हा जे होते तेच बैठकीत झाले. तो दोष वाजविणाऱ्याचा नव्हे, पण ती किंमत कोणीतरी मोजली हे विसरता कामा नये.

या पार्श्वभूमीवर गोविंदराव टेंबे यांचे चरित्र पाहावयाचे आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पुढच्याच वर्षी, ५ जून १८८१ रोजी, गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म कोल्हापूरजवळ सांगवडे येथे झाला. कोल्हापूर त्या काळी संगीताचे माहेरघर होत होते. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेब आले होते. १८८३ साली स्थापन झालेल्या देवल क्लबात गवयांची ये-जा असे. टेंब्यांना पेटी कोणी समोर बसवून पद्धतशीर शिकविली असे नाही. ऐकावे, घरी येऊन पट्ट्यांवर शोधावे, पुन्हा जाऊन ऐकावे, असा तो अभ्यास. कान हाच गुरू. ज्यांना शाळेने दिले नाही ते स्वत: मिळवावे लागते, त्यांना या शिक्षणाची चव निराळी सांगावी लागणार नाही.

पुढे भास्करबुवा बखले यांच्या गायनाचा त्यांना सहवास लाभला. भास्करबुवा म्हणजे एकाच गळ्यात अनेक घराण्यांची विद्या साठविलेला गवई. बालगंधर्वांचे ते गुरू. टेंबे त्यांच्या साथीला बसू लागले. अल्लादियाखाँसाहेबांचे गंडाबंध शागीर्द ते नव्हते, पण त्यांची गायकी त्यांनी ऐकून ऐकून आत्मसात केली, आणि आयुष्याच्या अखेरीस खाँसाहेबांचे चरित्रही लिहिले. साथीला बसण्याचा हाच मोठा लाभ असतो. मोठ्या गवयाच्या मनात पुढची जागा कशी तयार होते, हे साथीदाराला सर्वांआधी कळते. कारण त्याला ते कळल्याशिवाय त्याचे काम होतच नाही.

आणि येथे टेंब्यांनी वेगळी वाट धरली. साथ बाजूस ठेवून ते एकटे वाजवू लागले. पेटी सतारीसारखी किंवा बीनेसारखी मध्यभागी आली. गायकीतला ख्याल, ठुमरीची लाडिक वळणे, बोलांचा भास, हे सर्व त्यांनी पट्ट्यांवर आणण्याचा उद्योग केला. लिस्टने पियानोसाठी जे युरोपात केले, त्याच जातीचे हे काम होते. फरक एवढाच, की लिस्टचे वाद्य त्याआधीच प्रतिष्ठित होते आणि टेंब्यांचे वाद्य हलके समजले जात होते.

वादनाइतकीच त्यांची चालींची कामगिरी मोठी आहे. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने मुंबईस काकासाहेब खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आणले. त्याच दिवशी बालगंधर्वांचे अपत्य निवर्तले आणि तशाही स्थितीत त्यांनी भामिनीची भूमिका केली, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. त्या नाटकाच्या पदांना चाली दिल्या त्या टेंब्यांनी. उत्तर हिंदुस्थानातील ठुमरी, कजरी, होरी अशा गीतप्रकारांचा रंग त्यांनी मराठी पदांत उतरविला. नाटक पाहून घरी परतणारा प्रेक्षक चाल गुणगुणत जाऊ लागला. पेटीवर बसलेल्या माणसाचे काम अशा रीतीने गावोगाव गेले. कोल्हापूरचे नाव न ऐकलेल्या कोकणातल्या घरांतही ते पोहोचले.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. या मंडळीच्या मालकांत टेंबे एक होते. माझ्या धंद्यातल्या माणसाला या घटनेपाशी थांबावेसे वाटते. नाटक कंपनीत नट मालक होई, व्यवस्थापक मालक होई. पण पेटीच्या मागे बसणारा माणूस भागीदाराच्या खुर्चीवर बसला, ही गोष्ट साधी नव्हे. ती फार दिवस टिकली नाही हे खरे. दोन वर्षांच्या आत-बाहेर टेंबे तेथून निघाले आणि त्यांनी स्वत:ची शिवराज नाटक मंडळी काढली. कंपनी चालविणे आणि कला चालविणे या दोन निराळ्या विद्या आहेत. नाटक कंपन्यांचा इतिहास कर्जाच्या इतिहासावाचून सांगता येत नाही, आणि एक कलावंत मालक झाला म्हणून बाकीच्यांचा पगार वेळेवर होतो असे नाही. तरी प्रयत्न झाला, याची नोंद हवी.

पुढे बोलपट आला. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' प्रदर्शित झाला. मराठीतला हा पहिला बोलपट. दिग्दर्शक व्ही. शांताराम, तारामती दुर्गा खोटे, आणि हरिश्चंद्र स्वत: गोविंदराव टेंबे. संगीतही त्यांचेच. त्या काळी गाणे आधी मुद्रित करून मागाहून ओठ हलविण्याची सोय नव्हती. नटाने कॅमेऱ्यापुढे उभे राहून गायचे आणि वादकांनी चित्रात दिसणार नाही अशा जागी दडून साथ करायची. साथीदाराने ऐकू यावे पण दिसू नये, हा बैठकीतला अलिखित नियम बोलपटाने अक्षरश: अमलात आणला! टेंब्यांनी मात्र आपल्या चाली स्वत: पडद्यावर येऊन गाइल्या. पन्नाशी गाठलेल्या पेटीवाल्याने मराठीच्या पहिल्या बोलपटाचा नायक व्हावे, यात त्या पिढीच्या उमेदीचे मोजमाप आहे.

आता दुसरी बाजू ऐकली पाहिजे. पेटीवरचे आरोप खोटे नव्हते. आपण थोडे गणित करू. षड्‌जाची कंपने २४० धरली, तर तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार ३०० कंपनांचा असतो. पेटीतला गंधार सुमारे ३०२.४ चा असतो. कोमल गंधार २८८ असावा, तो पेटीत २८५.४ च्या आसपास पडतो. पंचम मात्र ३६० च्या ठिकाणी ३५९.६, म्हणजे जवळजवळ बरोबर. हे कारागिराच्या हलगर्जीपणाने होत नाही. पाश्चात्त्यांना कोणत्याही पट्टीपासून सुरुवात करून तेच गीत वाजविता यावे म्हणून त्यांनी सप्तकाचे बारा समान भाग पाडले, आणि प्रत्येक स्वराला थोडी थोडी तडजोड करावयास लावली. पियानोही त्याच तडजोडीचा. तिकडच्या संगीताला ती चालते. आपल्याकडे तंबोरा अखंड खरा सूर सांगत असतो, म्हणून ती कानाला टोचते. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पेटीत नाही. एक पट्टी सोडायची आणि दुसरी दाबायची. मधली वाटच नाही.

यावर उपाय शोधणारेही महाराष्ट्रात निघाले. सांगलीकडचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा अभ्यास केला. अब्दुल करीमखाँसाहेबांनी त्यांना गाऊन स्वर दाखविले. साताऱ्यास न्यायाधीश असलेले क्लेमंट्स नावाचे इंग्रज गृहस्थ त्यांना मिळाले, आणि १९११ च्या सुमारास त्यांनी विलायतेहून श्रुतींची हार्मोनियम बनवून आणविली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत तिचा पुष्कळ ऊहापोह झाला. पण ती व्यवहारात रुळली नाही. वाजविणाऱ्याच्या बोटांना जे झेपत नाही ते शास्त्राने कितीही शुद्ध असले तरी बाजारात टिकत नाही.

सुधारण्याऐवजी हद्दपारीचा मार्ग निघाला. आनंद कुमारस्वामींसारख्या कलापंडितांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच पेटीविरुद्ध लिहिले होते. १९३८ साली आकाशवाणीतील पाश्चात्त्य संगीताचे अधिकारी जॉन फौल्ड्स यांनी तिच्यावर टीका करणारा लेख लिहिला. जानेवारी १९४० मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी कलकत्ता केंद्राला पत्र पाठवून आपली नापसंती कळविली. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीच्या केंद्रांवर पेटी बंद झाली. लिस्टच्या लंडनमधील बैठकींना आणि पेटीच्या जन्माला तेव्हा सुमारे शंभर वर्षे झाली होती.

स्वराज्य आले, तरी बंदी उठली नाही. १९५२ ते १९६२ नभोवाणी खाते सांभाळणारे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठीच होते आणि संगीताचे जाणकार होते. त्यांच्याही अमदानीत पेटी बाहेरच राहिली. माझे म्हणणे असे नाही की हे सर्व थोर लोक अरसिक होते. त्यांचा कान बरोबर होता. गणित आताच आपण पाहिले. पण जो निर्णय शेकडो माणसांच्या पोटाशी निगडित असतो, तो केवळ कानाने करून भागत नाही. यंत्र सदोष ठरले तर त्यावर काम करणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न कोणीतरी विचारावा लागतो. त्या काळी आकाशवाणी हाच कलावंताचा मोठा आधार होऊ लागला होता. संस्थाने गेली, नाटक कंपन्या मोडल्या, आणि ज्या दारात नवी रोजी होती तेच दार पेटीवाल्याला बंद. ज्या गोविंदरावांनी या वाद्याला एकलवादनाची पायरी चढविली, त्यांच्या आयुष्याची शेवटची पंधरा वर्षे या बंदीत गेली. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी दिल्लीस त्यांचे निधन झाले. पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर, यांनी एकलवादनात नाव मिळविले तेही या बंदीच्याच काळात.

१९७१ साली बंदी अंशत: उठली. वरच्या श्रेणीच्या गायकांना पेटीची साथ घेण्याची मुभा मिळाली. एकटी पेटी मात्र त्यानंतरही दीर्घकाळ उंबऱ्याबाहेरच राहिली. म्हणजे पुन्हा तेच! दुसऱ्याच्या सेवेला आलीस तर आत ये; स्वत:चे सांगायला आलीस तर बाहेर थांब.

ही मुभा कोणाच्या कृपेने मिळाली? माझ्या समजुतीप्रमाणे ती साथीदारांनी काम करून मिळविली. एकतीस वर्षे नभोवाणीवर पेटी नव्हती, पण बैठकीतून, नाटकातून, कीर्तनातून, भजनातून ती एक दिवसही हलली नाही. गवयांनाच ती हवी होती. आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. गोविंदराव पटवर्धन यांचा जन्म १९२५ साली गुहागर तालुक्यातील अडूर गावी झाला. संगीत नाटकांत ऑर्गन आणि बैठकीत पेटी या दोहोंवर त्यांची हुकमत होती. छोटा गंधर्व, राम मराठे, वसंतराव देशपांडे, कुमार गंधर्व, प्रत्येकाची गाण्याची तऱ्हा निराळी, प्रत्येकाचा स्वभाव निराळा. आणि या सर्वांना गोविंदरावांची साथ चालत असे. याचा अर्थ असा, की चार गवयांच्या चार विद्या या एका माणसाच्या बोटांत होत्या. १९९६ साली ते गेले. त्यांच्याच शिष्यांपैकी डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींच्या पेटीचे काम हाती घेऊन तसे वाद्य सिद्ध केले. देवलांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलेला प्रश्न असा एका कोकणी पेटीवादकाच्या शिष्याने पुढे नेला.

आप्पा जळगावकर (१९२२–२००९) यांनी भीमसेन जोशी यांच्यासारख्यांच्या साथीत पेटीला असे बोलते केले, की मींडीची उणीव जाणवू नये. युक्ती काय? जी वाट पेटीत नाही तिचा भास नेमक्या क्षणी दाबलेल्या कणस्वराने आणि भात्याच्या कमी-जास्त दाबाने निर्माण करायचा. सदोष यंत्रावर निर्दोष काम करणे यालाच कसब म्हणतात. गोव्यातील बोरीचे तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) पी. मधुकरांचे शिष्य. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. ज्या सरकारच्या नभोवाणीने एकेकाळी पेटीला दार लावले, त्याच सरकारने पेटीवाल्याच्या छातीवर पदक लावले. मधे पाऊणशे वर्षे गेली.

युरोपातही साथीदाराची गत फार वेगळी नव्हती, हे जाता जाता सांगितले पाहिजे. जेरल्ड मूर नावाचा इंग्रज पियानोवादक आयुष्यभर थोर गायकांच्या साथीला बसला. १९४३ साली त्याने साथीच्या कलेवर पुस्तक लिहिले आणि त्याच्या नावातच सांगून टाकले, की मी साथीदार आहे आणि मला त्याची लाज नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी तेथेही पुस्तक लिहावे लागले.

म्हणून टेंब्यांच्या चरित्राचा मला लागलेला अर्थ असा. त्यांनी साथ सोडून एकलवादन केले, म्हणून साथ हलकी ठरत नाही. उलट साथीत केवढी विद्या साठलेली असते, ते त्यांनी ती मध्यभागी आणून सर्वांना दाखविले. मध्यभागी प्रत्येकालाच येता येणार नाही, आणि येण्याची गरजही नाही. पण बाजूला बसणाऱ्याचा मान हा मध्यभागी बसणाऱ्याच्या औदार्यावर अवलंबून राहू नये, तो हक्काचा असावा.

हे काम दिल्लीस जाऊन करावयाचे नाही. गणपतीत वाडीवाडीतून भजनी मंडळे बसतात. औद्योगिक वसाहतीत आठ तास उभे राहून आलेला तरुण रात्री पेटी पुढे ओढतो आणि दोन-दोन वाजेपर्यंत बुवांच्या मागे सूर धरतो. डबलबारीच्या फलकावर बुवांची नावे मोठ्या अक्षरांत असतात. त्यांच्या खाली पेटीवाल्याचे, पखवाजवाल्याचे, चकवा धरणाऱ्याचे नाव त्याच शाईत लिहावे, ठरलेली बिदागी त्याच रात्री त्याच्या हातात द्यावी, आणि परतीच्या गाडीभाड्याचा विचार त्याच्यावर टाकू नये. एवढे या वर्षीच्या भाद्रपदापासून प्रत्येक मंडळाला करता येईल. त्यासाठी ठरावाचीही जरूर नाही.